दाराचा कागद

जिन्याच्या शेवटच्या पायरीवरूनच चावीवालीला कळलं, की हे दार कुणी उघडलेलं नाही, फोडलेलं आहे. चौकट उभी चिरली होती, वरची बिजागरी लाकडासकट उपटून आली होती, आणि कुलपाची जीभ अजून बाहेरच होती. किल्लीने नाहीतर तारेने कुलूप उघडलं की जीभ आत जाते. ही बाहेर होती. म्हणजे दार बंद असतानाच बाहेरून कुणीतरी लोखंडी ठोकळा हाणला होता, आणि तोही एकदा नाही, तीनदा. शेवटच्या घावाचा वण दाराच्या मधोमध बशीएवढा होता.

हे कुलूप तिनेच बसवलेलं. त्याच्या बदल्यात या घरात राहणाऱ्या सलूनवाल्याने तिचे केस कापून दिले होते, आणि ते इतके आखूड की पुढे महिनाभर ती डोक्याला रुमाल बांधून हिंडली होती. तिचं किल्ल्यांचं दुकान आणि त्याचं सलून यांच्यात एकच भिंत. चौदा वर्षं त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दोघे एकमेकांना टोमणे मारत आले होते. तो तिला चावीताई म्हणायचा. ती त्याला दादा म्हणायची, आणि तो तिच्याहून सहा वर्षांनी लहान होता.

काल सकाळी नऊ वाजता, सलूनच्या सुट्टीच्या दिवशी, पोलिसांनी हे दार फोडून त्याला दोन गोळ्या घातल्या.

त्याच्या हातात पिस्तूल होतं, असं पोलीस दुपारी म्हणाले. संध्याकाळी म्हणाले, पिस्तुलासारखी वस्तू होती. ती वस्तू म्हणजे केसांवर पाणी मारायची बाटली, निळी, प्लॅस्टिकची, कुठल्याही सलूनमध्ये असते तशी. खिडकीपाशी खुर्ची टाकून तो मुलीचे केस कापत होता. नऊ वर्षांची ती पोर. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी दोन मिनिटं टिकत नसे. "हललीस तर कान जाईल," असा दम भरून बापाने तिला बसवलं होतं. उजवी बाजू कापून झाली होती, डावीकडे वळायचं होतं. तेवढ्यात दार आत आलं.

आणि पोलिसांना हवा असलेला माणूस राहायचा वरच्या मजल्यावर. खालच्या दुकानांना पहिला मजला धरायचं की नाही, एवढं या शूरवीरांना ठरवता आलं नव्हतं. इमारतीतल्या कुठल्याही शेंबड्या पोराला विचारलं असतं तरी त्याने बोट दाखवलं असतं. पण विचारायला वेळ कुणाला होता? शिवाय तो वरचा माणूस आठवड्यापूर्वीच पसार झालेला.

चावीवालीने पिशवी खाली ठेवली आणि गुडघ्यांवर बसून चौकट उतरवायला घेतली.  रडायला येत नव्हतं. तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि तिथून खाली यायचं नाव घेत नव्हती.

जे झालं त्यात तिचाही थोडा वाटा होता, हे तिला ठाऊक होतं. दोन महिन्यांपूर्वी पेट्रोलपंपावर भरदिवसा गोळीबार झाला आणि गल्ल्यावरचा माणूस जागीच गेला. त्याला सगळे ओळखायचे. मग शाळेच्या सभागृहात बैठक भरली. ठाण्याचे साहेब आले, दुकानदार आले, आणि दोन तास नुसता कलकलाट. कुणी म्हणालं गस्त वाढवा, कुणी म्हणालं कॅमेरे लावा, एक मास्तर म्हणाला की आधी हत्यारं येतात कुठून ते शोधा, तर त्याला लोकांनी खाली बसवलं. चावीवाली उठून खणखणीत आवाजात म्हणाली होती, "पोलिसांचे हात बांधू नका. दारं फोडा, भिंती फोडा, पण त्या हरामखोराला पकडा!" टाळ्या पडल्या. ती खाली बसली तेव्हा शेजारच्या खुर्चीवरून सलूनवाला हळूच म्हणाला, "चावीताई, दार कुणाचं आहे ते आधी बघून घ्या म्हणावं."

ती हसली होती. आता ते हसू आठवलं की तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटे.

तिसऱ्या दिवशी पोलिसांचं निवेदन छापून आलं. चावीवालीने ते दुकानात उभ्याउभ्याच वाचलं. "पथकाने दारावर थाप मारून ओळख सांगितली, दोन मिनिटे वाट पाहिली. त्यानंतर परवानाधारक कुलूप-कारागिराने पथकासमक्ष रीतसर कुलूप उघडले."

"कोण हा कारागीर?" ती समोरच्या गिऱ्हाइकावरच खेकसली. "मला भेटू दे एकदा! जीभ बाहेर ठेवून कुलूप उघडतो म्हणे. याचा तर पुतळा उभारला पाहिजे!"

गिऱ्हाइकाने आपली किल्ली उचलली आणि काढता पाय घेतला.

दुपारी सलूनवाल्याच्या बायकोची वकीलबाई आली. तरुण होती, घामाघूम झाली होती, खांद्यावरची फायलींची पिशवी फाटायला आलेली. तिने एक कागद काउंटरवर ठेवला. "हा त्या दिवशीचा दाराचा कागद. खालची सही ओळखता का?"

सही ओळखायला चष्मा लागला नाही. नावाच्या शेवटच्या अक्षराची शेपटी वळवून तिची छोटीशी किल्ली केलेली, खाली दोन दात. सोळाव्या वर्षी बापाच्या शेजारी बसून शिकलेली सही. बाप अशीच करायचा.

सही तिचीच होती.

दाराचा कागद म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? कायदा असा, की पोलिसांना कुणाच्या घरात बळाने शिरायचं असेल तर कुलपाच्या धंद्यातला बाहेरचा एक माणूस सोबत हवा. त्याच्यासमोर दार वाजवायचं, ओळख सांगायची, थांबायचं, मग त्याने कुलूप उघडायचं आणि कागदावर सही करायची, की हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. सुरुवातीची तीन-चार वर्षं तिला खरोखर बोलावणं यायचं. पहाटे उठून, थंडीत कुडकुडत, ती पोलिसांच्या गाडीत मागे बसून जायची.

मग एका वर्षी ती परवान्याच्या नूतनीकरणाला गेली. ठाण्यात कागदपत्रं सांभाळणारा एक हवालदार होता. पोट सुटलेला, बोलायला गोड, सगळे त्याला कागदवाला म्हणत. त्याने परवान्यावर शिक्का मारायच्या आधी कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा पुढे सरकवला. "खाली सह्या करून ठेवा, बाई. तुम्हाला कुठे पहाटे पहाटे पळवायचं? आम्ही भरून घेतो." तिला ते सोयीचं वाटलं. सोयीचं कसलं, उपकारच वाटले! बसल्या बसल्या, चहा पीत पीत, तिने खालच्या कोपऱ्यांत किल्ल्या काढल्या. पुढे दरवर्षी तेच. अकरा वर्षं. त्या कोऱ्या कागदांवर वर काय लिहिलं जातं, हे तिने एकदाही विचारलं नाही. गिऱ्हाइकाची साधी किल्ली करायची तर ती आधी त्याचं ओळखपत्र मागायची, उलटसुलट चार प्रश्न करायची. आणि इथे तिने अख्ख्या वस्तीच्या दारांच्या किल्ल्या उचलून देऊन टाकल्या होत्या.

"तुम्ही तिथे होता का?" वकीलबाईने विचारलं.

"मी? मी दुकानात होते. एका बाईची तिजोरी अडकली होती, ती खोलत होते."

"हे चौकशीत सांगाल?"

चावीवालीने कागद तिच्याकडे परत सरकवला. "उद्या सांगते," ती कशीबशी म्हणाली.

उद्या उजाडायच्या आत, म्हणजे त्याच दिवशी दिवेलागणीला, कागदवाला हजर झाला. स्टूल ओढून बसला, टोपी मांडीवर ठेवली.

"वाईट झालं," तो म्हणाला. "माणूस चांगला होता. माझी दाढी तोच करायचा."

"मग त्याला मारलंत कशाला?"

"मी मारलं का? मी कागद सांभाळतो, बाई. हे बघा, चौकशी आहे पुढच्या आठवड्यात. तुम्हाला बोलावतील. तुम्ही फक्त म्हणायचं, हो, सही माझी. बस्स. जास्त विचारलं तर म्हणायचं, गडबड होती, नीट आठवत नाही."

"मी तिथे नव्हते, हवालदारसाहेब. तुम्हालाही माहीत आहे."

"माहीत आहे ना." तो शांतपणे म्हणाला. "पण कागदाला माहीत नाही. आणि तुम्ही नव्हता असं म्हणालात, तर खोटी सही कुणी केली? मी? साहेबांनी? सही तुमची, बाई. एका कागदावर नाही, अकरा वर्षांच्या कागदांवर. परवाना तर जाईलच, वर तुरुंगाची हवा खाल. त्या वकीलबाईचं काय जातंय?"

चावीवालीने भिंतीवरची हातोडी उचलली. कागदवाला दचकून उठला. तिने ती हातोडी जोरात काउंटरवर आपटली. खिळ्यांवरच्या सगळ्या किल्ल्या खळखळल्या.

"उठा माझ्या दुकानातून! आणि यापुढे दाढी घरी करा."

तो गेला. पण त्याचं बोलणं गेलं नाही, कारण ते खरं होतं. याचाच तिला सगळ्यांत जास्त संताप आला. एखादा नालायक माणूस खोटं बोलला तर शिव्या घालता येतात. खरं बोलला तर काय करायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जिना चढली. नवी चौकट तिने बसवून दिली होती, पण रंग द्यायचा राहिला होता, लाकूड अजून कोरंच होतं. सलूनवाल्याची बायको जमिनीवर बसून भिंगरीचे केस विंचरत होती. उजवीकडे कानापर्यंत कापलेले, डावीकडे खांद्याच्या खाली लोंबणारे. आईचा कंगवा आखूड बाजूने चटकन निसटायचा आणि लांब बाजूला अडकायचा.

"उरलेले कापू देत नाही," बायको म्हणाली. "कुणालाच हात लावू देत नाही."

"बाबा कापणार होते," भिंगरी म्हणाली. ती हलत नव्हती. अजिबात हलत नव्हती, आणि चावीवालीला ते बघवेना.

"वहिनी," तिने तोंड उघडलं, आणि एकदा उघडल्यावर सगळं सांगून टाकलं. गठ्ठा, चहा, कोपऱ्यातल्या किल्ल्या, हवालदार. काही झाकलं नाही. तिला वाटलं होतं, वहिनी रडेल, कदाचित हात धरेल, म्हणेल की तुम्ही तरी बोला. त्यासाठीच तर ती आली होती, हे तिला बोलता बोलता उमगलं. शाबासकी घ्यायला!

बायकोने कंगवा खाली ठेवला. भिंगरीला आत पाठवलं.

"अकरा वर्षं?"

"हो."

"आणि एकदाही वाटलं नाही, वर काय लिहितात ते विचारावं?"

"नाही वाटलं."

"आता का वाटतंय? ह्या वेळी दार आमचं होतं म्हणून? तुम्ही बसवलेलं कुलूप होतं म्हणून?" तिचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "दुसऱ्या कुणाचं असतं तर पुढच्या वर्षी परत चहा प्यायला गेला असता. गेला असता की नाही?"

 चावीवाली उठली.

"चौकशीत बोला," मागून बायको म्हणाली. "बोला, पण माझ्यावर उपकार करताय असं समजू नका."

चौकशी त्याच शाळेच्या सभागृहात होती. तीच खुर्च्यांची रांग, तोच कुरकुरणारा पंखा. फक्त या वेळी तेव्हा टाळ्या वाजवणारे लोक भिंतीला टेकून गप्प उभे होते. चौकशीला एक निवृत्त न्यायाधीश बसले होते, जाड भिंगांचा चष्मा लावून, आणि दर वाक्याला "बरं" म्हणत होते.

ठाण्याचे साहेब आधी बोलले. छान बोलले. जिवावर उदार होऊन काम करावं लागतं, क्षणात निर्णय घ्यावा लागतो, पेट्रोलपंपावरच्या मृताला न्याय नको का, वस्तीनेच याच सभागृहात कडक कारवाईची मागणी केली होती. हे म्हणताना त्यांनी चावीवालीकडे पाहिलं, आणि तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. "नियमाप्रमाणे दार वाजवलं, थांबलो, कारागिराने कुलूप उघडलं. कागद समोर आहे."

"बरं," न्यायाधीश म्हणाले आणि तिला पुढे बोलावलं. कागद तिच्यासमोर धरला. "ही सही तुमची?"

"माझी."

पहिल्या रांगेत कागदवाल्याने श्वास सोडलेला तिला दिसला.

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही तिथे हजर होता."

"साहेब, एक कोरा कागद मिळेल का?"

"कशाला?"

"द्या तर खरं."

न्यायाधीशांनी जरा नाखुशीनेच एक कोरा कागद सरकवला. चावीवालीने त्यांचंच पेन उचललं, कागदाच्या खालच्या कोपऱ्यात सही केली, शेपटी वळवली, किल्लीचे दोन दात काढले, आणि कागद परत त्यांच्यापुढे ठेवला.

"घ्या. आता वर काय हवं ते लिहा."

न्यायाधीश त्या कागदाकडे बघत राहिले.

"लिहा की! लिहा, मी काल चंद्रावर होते. लिहा, मी तुमच्या घराचं दार उघडलं आणि आत तोफ सापडली. खाली सही माझीच आहे, खोटी नाही. अकरा वर्षं मी ठाण्यात बसून असेच कागद दिले. दरवर्षी गठ्ठाभर. परवान्यावर शिक्का हवा तर आधी हे." ती पिशवीत वाकली आणि सलूनवाल्याच्या दाराचं, चौकट उतरवताना जपून ठेवलेलं कुलूप काढून धाडकन टेबलावर ठेवलं. चौकटीची ढलपी अजून त्याला चिकटलेली होती. "आणि हे बघा. जीभ बाहेर. हे कुलूप कुणी उघडलंच नाही. दोन मिनिटं सोडा, यांनी दाराला दोन सेकंदं दिली नाहीत. त्या पोरीच्या डोक्याकडे बघा म्हणजे कळेल किती वेळ दिला. अर्धे केस व्हायचे होते!"

सभागृहात एकच गलका झाला. ठाण्याचे साहेब उठून ओरडले, "ही बाई स्वतःच गुन्हा कबूल करतेय! हिच्या शब्दावर काय विश्वास ठेवायचा?"

"नकाच ठेवू!" चावीवाली त्यांच्याहून मोठ्याने ओरडली. "माझ्या शब्दावर ठेवू नका, माझ्या सहीवरही ठेवू नका. मला तेच तर म्हणायचंय! परवाना हवाय? हा घ्या." तिने प्लॅस्टिकच्या पाकिटातला परवाना काढून साहेबांच्या खुर्चीच्या दिशेने भिरकावला. तो मध्येच जमिनीवर पडला. कुणी उचलला नाही.

न्यायाधीशांनी टेबलावर हात आपटून सगळ्यांना गप्प केलं. पहिल्यांदाच ते "बरं" म्हणाले नाहीत.

चावीवालीला वाटलं, झालं. जे पोटात होतं ते बाहेर आलं. आता जे व्हायचं ते होवो. तिने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने मान हलवली नाही, पण नजरही वळवली नाही.

तेवढ्यात मागच्या भिंतीपाशी काहीतरी हललं. एक म्हातारी पुढे येत होती. गर्दी तिला वाट करून देत होती. अंगात गिरणीतल्या कामगारांचा निळा सदरा, हातात घड्या पडून पडून मऊ झालेला एक कागद. चावीवालीने तिला याआधी कधी पाहिलं नव्हतं. म्हातारीने टेबलापाशी येऊन तो कागद उलगडला आणि चावीवालीच्या डोळ्यांसमोर धरला. न्यायाधीशांकडे तिने पाहिलंही नाही.

कागद सहा वर्षांपूर्वीचा होता. खालच्या कोपऱ्यात किल्ली होती, दोन दातांची.

"माझा मुलगा," म्हातारी म्हणाली. "दार उघडल्यावर त्याच्या पलंगाखाली बंदूक सापडली, तुझ्यासमोर, असं लिहिलंय. तो आत आहे, सहा वर्षं झाली. मी सगळ्यांना सांगत होते, बंदूक त्यांनीच आणली. सगळे म्हणायचे, अहो आजी, बाहेरच्या बाईची सही आहे, ती कशाला खोटं बोलेल?"

 चावीवालीचा सगळा राग, आठ दिवस जपलेला, साहेबांवर, हवालदारावर, त्या लोखंडी ठोकळ्यावरचा, गर्रकन वळून तिच्यावरच आला, आणि त्याला अडवायला तिच्याकडे काहीच नव्हतं.

"मला एवढंच सांग," म्हातारी म्हणाली. "तू आमच्या घरी आली होतीस का?"

"नाही, आजी," चावीवाली म्हणाली. "मी तुमचं दार कधी पाहिलेलंसुद्धा नाही."

न्यायाधीशांनी पेन उचललं आणि ते लिहून घ्यायला सुरुवात केली. म्हातारीच्या मागे, भिंतीजवळून, आणखी कुणीतरी पुढे येऊ लागलं होतं. त्याच्याही हातात कागद होता.